पॅकराफ्टिंग: तंत्र, सामान आणि नदीतली सुरक्षितता (एकत्रित धागा)

वल्हेकरी

पॅकराफ्ट म्हणजे पाठपिशवीत मावणारी, हवा भरायची, बहुतेक वेळा एका माणसाची होडी. सपाट पाण्यासाठीची अगदी हलकी किलोभराची असते, खळाळत्या पाण्याची डेक (वरचं झाकण) आणि मांडीपट्टे धरून ३ ते ५ किलोपर्यंत जाते. कल्पना जुनी आहे. १८४०च्या दशकात पीटर हॅल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अंगावर झग्यासारखी घालता येईल अशी रबरी होडी बनवली होती. आजचं रूप घडलं ते अलास्कात. १९८२ साली तिथल्या पहिल्या 'वाइल्डरनेस क्लासिक' शर्यतीत डिक ग्रिफिथ यांनी पाठीवरच्या सामानातून छोटी राफ्ट काढून नदी ओलांडली, आणि तिथून हा प्रकार रुजत गेला.

धागा काढायचं कारण वेगळंच. ही होडी रुंद, ठेंगणी आणि हलकी असल्यामुळे नवखा माणूस पहिल्याच दिवशी दुसऱ्या श्रेणीचे रॅपिड, म्हणजे नदीतले खळाळ, मजेत उतरतो (श्रेणी एक ते सहा, सहावी सगळ्यात अवघड). कायाकमध्ये तेवढं यायला महिने लागतात, पण त्या महिन्यांत तो पन्नास वेळा पाण्यात पडलेला असतो, पोहून काठाला आलेला असतो, दोरी पकडायला शिकलेला असतो. पॅकराफ्टवाला यातलं काहीही न करता तिसऱ्या श्रेणीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: होडी कुठवर नेते हे बघायचं नाही, होडीशिवाय ज्या रॅपिडमधून धड बाहेर येता येईल तीच आपली श्रेणी.

ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. ब्रँडची भांडणं दुसऱ्या धाग्यावर.

डोहकाठ

हवेपासून सुरुवात करतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

फुगवायची पिशवी व्हॉल्व्हला जोडायची, तोंड उघडं धरून हवा कोंडायची, तोंड पिळून छातीशी दाबायचं. दहा-पंधरा पिशव्यांत होडी आकाराला येते. पण ती फक्त आकाराला येते, घट्ट होत नाही. शेवटचा दाब तोंडाने किंवा छोट्या हातपंपाने द्यावा लागतो. मग होडी पाण्यात ठेवून ५-१० मिनिटं थांबायचं आणि पुन्हा भरायची. ही दुसरी भरणी बहुतेक जण विसरतात.

कारण साधं गणित आहे. समजा आत २ पीएसआय (दाबाचं एकक) दाब आहे आणि हवा ३५ अंशांची आहे. बाहेरच्या हवेचा १४.७ धरला तर एकूण दाब १६.७. ती हवा १२ अंशांच्या पाण्याने थंड झाली की एकूण दाब साडेसात टक्के उतरतो, म्हणजे सव्वा पीएसआय गेला. दोनातला सव्वा गेल्यावर उरलं काय? ट्यूबचा, म्हणजे होडीच्या फुगलेल्या कडेचा, वरचा भाग उन्हात असतो म्हणून प्रत्यक्षात इतका पूर्ण उतरत नाही, पण होडी मधोमध वाकायला तेवढं पुरतं. मऊ होडी लाटेवर घडी पडल्यासारखी दुमडते आणि पॅडलचा जोर पाण्यात न जाता रबरात मुरतो.

उलटंही तेवढंच खरं. थंड पाण्यात कडक भरलेली होडी जेवायला थांबताना तापलेल्या वाळूवर टाकली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली, तर तोच २चा दाब ४च्या पुढे जातो. शिवण उसवायचा धोका इथे असतो. काठावर थांबलात की थोडी हवा सोडा किंवा होडी निम्मी पाण्यात राहू द्या.

नवशिका_२

दोन शंका. एक, उलटल्यावर परत चढताना पाय होडीखाली जातात आणि होडी अंगावर येते, हे टाळायचं कसं? दोन, पाणी कमरेएवढंच असेल तर सरळ उभं राहून चालत का येऊ नये?

खडकआड

दुसरीचं उत्तर आधी, कारण ते जीवावरचं आहे. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. कमरेएवढ्या तर नाहीच नाही. तळाच्या दोन दगडांच्या फटीत पाऊल गेलं की मागून येणारं पाणी धडाला पुढे ढकलतं, पाऊल तिथेच राहतं आणि तोंड पाण्याखाली जातं. चांगला पोहणाराही मग कमरेएवढ्या पाण्यात बुडतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. त्यामुळे 'एवढंसं तर पाणी' हा अंदाज नेहमी फसतो. ढुंगण तळाला घासेपर्यंत पोहत राहायचं, मग वळून हातापायांवर रांगत बाहेर यायचं.

पोहण्याच्या दोन पद्धती. पहिली पाठीवर: पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलांची बोटं पाण्याबाहेर दिसतील इतकी वर, गुडघे किंचित वाकलेले, दगड आला की तळव्याने ढकलायचा. ही वेळ काढायची पद्धत आहे, बाहेर यायची नव्हे. पाठीवर पडून नुसतं वाहत राहणारे लोक पुढच्या रॅपिडमध्ये जातात. वाट मोकळी दिसली की लगेच पालथं व्हायचं आणि काठाच्या दिशेने, तोंड थोडं उगमाकडे ठेवून, जीव खाऊन पोहायचं. एडी म्हणजे खडकामागचं उलटं फिरणारं पाणी; तिची रेघ ओलांडताना थांबलात तर ती परत बाहेर ओढते, तेव्हा शेवटचे चार हात सगळ्यात जोरात.

ओलीचिंब

पहिल्या शंकेचं उत्तर. आधी दोन गोष्टी हातात हव्यात, पॅडल आणि होडी. आणि तुम्ही होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे उगमाच्या बाजूला हवं. होडी आणि खडक यांच्या मधे कधीच नाही. उघड्या होडीत शंभर लिटर पाणी शिरलं की ते शंभर किलोचं ओझं होतं, आणि त्यामागे अख्ख्या नदीचा रेटा.

होडी उलथी असेल तर जवळची कड दोन्ही हातांनी खालून धरा. आधी ती कड थोडी उचलून आत हवा शिरू द्या. 'गप्प' असा आवाज येतो आणि तळाची पकड सुटते. मग पाय मारत कड वर आणि पुढे ढकला. होडी हलकी असल्याने पलटते. आत सामान असेल तर ती जड लागते, अशा वेळी तळावर हात टाकून पलीकडची दोरी धरायची आणि मागे झुकून ओढायची.

आता चढणं. बसायच्या जागेच्या बाजूला तोंड करून या. पॅडल एका हातात, होडीवर आडवं. दुसरा हात जितका पलीकडे जाईल तितका. आता लगेच चढू नका. आधी पाय मागे, पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, जणू होडीला धरून पालथं पोहताय. पाय लोंबकळत असताना जोर लावला की तेच होतं जे तुम्ही लिहिलंय: पाय खाली सरकतात, वजन एका कडेवर येतं, होडी डोक्यावर. पाय आडवे झाले की बेडकासारखी एक जोरकस लाथ, आणि त्याच क्षणी होडी स्वतःच्या पोटाखाली ओढायची. अंग वर उचलायचं नाही, होडी खाली घ्यायची. पोट ट्यूबवर, छाती पलीकडे, मग कुशीवर वळून बूड जागेत.

आधी संथ पाण्यात, रिकाम्या होडीने, मग सामानासकट, मग हलक्या प्रवाहात, आणि एकदा तरी गार पाण्यात पूर्ण कपड्यांनिशी. डेकवाल्या होडीत बसायच्या भोकाची उभी कड मधे येते, तिचा सराव वेगळा करावा लागतो. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा करू नका, ताकद काठाला पोचायला लागते.

पाचवा_मैल

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त मांडीपट्ट्यांबद्दल दोन शब्द. पट्टे लावले की कंबरेच्या हालचालीने होडी कलते, कड धरता येते, पकड चांगली असेल तर उलटलेली होडी परत सुलटही करता येते. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी ते सुरुवातीपासून लावावेत. नंतर सवय बदलणं अवघड जातं.

खडकआड

'सुरुवातीपासून' याला माझा विरोध. उलटं लटकलेलं असताना, नाकात पाणी जात असताना, डोळे मिटून दोन्ही पट्टे सोडवता आले पाहिजेत. हे संथ पाण्यात सलग दहा वेळा न गडबडता जमेपर्यंत पट्टे घरी. शिवाय न वापरलेले पट्टे होडीत मोकळे सोडू नयेत, पाय अडकायला तयार फास असतो तो. काढून टाका.

पाचवा_मैल

दहा वेळांची अट मान्य. पण ती पहिल्या आठवड्यातच पुरी करता येते एवढंच म्हणणं आहे.

नवशिका_२

आणि पॅडल होडीला दोरीने बांधून ठेवलं तर? हातातून सुटलं की गेलंच.

खडकआड

तलावात, वाऱ्यात, मोठ्या संथ पात्रात बांधा. खळाळत्या पाण्यात नाही. लांब सैल दोरी म्हणजे गळ्याभोवती, पायाभोवती फास. त्यापेक्षा गटात चार तुकड्यांचं एक जादा पॅडल ठेवा. होडीवरची कुठलीही दोरी ताणलेली आणि आखूड हवी. हात किंवा बूट शिरेल असं एकही वेटोळं नको.

वल्हेकरी

पाणी वाचण्याबद्दल, थोडं सविस्तर.

वरून बघताना टोक खाली प्रवाहाकडे असलेला इंग्रजी व्ही दिसला, गुळगुळीत जिभेसारखा, तर ती दोन अडथळ्यांमधली वाट. टोक आपल्याकडे असेल तर टोकाशी दगड आहे. खडकामागचं पाणी उलटं फिरतं ती एडी, म्हणजे थांबायची जागा. नदी उतरणं म्हणजे एका एडीतून दुसरीत जाणं. पुढची एडी नजरेत नसेल तर आहे ती सोडायची नाही, उतरून काठाने बघून यायचं. पात्राची रेघ पुढे कापल्यासारखी दिसली आणि पलीकडच्या झाडांचे फक्त शेंडे दिसत असतील तर तिथे उतार तुटलाय, मग लगेच काठ.

होलबद्दल, म्हणजे अडथळ्यावरून पडलेलं पाणी जिथे मागे उलटं फिरतं ती जागा: फेसाची रेघ दोन्ही टोकांना खालच्या दिशेने वळलेली असेल तर पाणी तुम्हाला कडेने बाहेर टाकतं. टोकं उगमाकडे वळलेली असतील तर मधोमध ओढून ठेवतं. आणि टोकंच नसतील, काठापासून काठापर्यंत एकसारखी सरळ रेघ असेल, तर तो बहुधा माणसाने बांधलेला बंधारा. फूट-दोन फुटांचा दिसला तरी त्यावरून जायचं नाही. खाली पडलेलं पाणी पृष्ठभागावरून परत भिंतीकडे फिरतं, सगळीकडून सारखंच, त्यामुळे निसटायला कडच राहत नाही. बुडालेला माणूस वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, पुन्हा खाली. वरून येताना बंधारा शेवटपर्यंत दिसत नाही. नकाशावर आधीच खूण करून ठेवा आणि बऱ्याच आधी काठाला लागा. तीन-चार किलोची होडी खांद्यावर टाकून वळसा घालायला कितीसा वेळ लागतो?

सगळ्यात वाईट म्हणजे गाळणी. पडलेलं झाड, पुरात अडकलेल्या फांद्या, कुंपणाची तार. पाणी आरपार जातं, माणूस आणि होडी अडकतात. वळणाच्या बाहेरच्या काठाला ही जास्त, कारण प्रवाह तिथलीच जमीन पोखरतो आणि तिथेच तुम्हाला ढकलतो. वळण नेहमी आतल्या बाजूने घ्या. पोहताना झाड टाळणं अशक्यच झालं तर पाय पुढे करून पाठीवर जायचं नाही. पालथं होऊन डोकं पुढे, झाडाच्या दिशेने जोरात पोहायचं आणि खोड आलं की छाती वर फेकून चढायचं. पाय पुढे असले तर ते फांद्यांखाली जातात आणि मग अंगही.

होडी चालवण्यात दोनच गोष्टी आधी शिका. फेरी: नाक उगमाकडे, प्रवाहाशी ३०-४५ अंशांचा कोन, आणि वल्हवत तिरकं पलीकडे. कोन जास्त झाला की प्रवाह नाक फिरवतो. पॅकराफ्ट आखूड असल्याने प्रत्येक फटक्याला नाक डुलतं, म्हणून फटके आखूड, उभे आणि पायांच्या बाजूला; मागपर्यंत ओढलेला लांब फटका होडी फक्त गोल फिरवतो. दुसरी गोष्ट, एडीत शिरणं आणि निघणं. रेघ वेगात कापायची आणि वळणाच्या आतल्या बाजूला झुकायचं, सायकल वळवताना झुकतो तसं. बाहेरच्या बाजूला झुकणारा रेघेवरच उलटतो.

ओलीचिंब

वरच्यात भर: पॅकराफ्ट बहुतेकदा कुशीवर नाही, पाठीमागे उलटते. उभी लाट नाक वर उचलते, माणूस घाबरून मागे रेलतो, आणि संपलं. लाट आली की पुढे वाका आणि पॅडल लाटेच्या माथ्यापलीकडे रोवा. मोठी पाठपिशवी नाकावर बांधली तर नाक कमी उचलतं, हा तिचा फायदा. आणि खडकाला आडवे लागलात तर खडकाकडे झुका, त्याला मिठी मारल्यासारखं. खडकापासून दूर झुकलं की उगमाकडची कड पाण्याखाली जाते आणि होडी खडकाला गुंडाळली जाते.

डोहकाठ

थ्रो बॅग, म्हणजे पाण्यातल्या माणसाकडे फेकायची दोरीची पिशवी. दोरी तरंगणारी हवी, १५ ते २० मीटर. पिशवीत दोरी वेटोळी करून ठेवायची नाही, हातभर-हातभर कोंबायची, नाहीतर फेकताना गाठ होते. फेकणाऱ्याने उभं राहायची जागा आधी ठरवायची: पाय घट्ट, मागे ओढायला मोकळी जागा, आणि दोरीला लटकलेला माणूस झोका घेऊन जिथे काठाला लागेल तिथे एडी. खाली गाळणी असेल तर ती जागा चुकीची. 'दोरी!' अशी हाक मारून, नजरानजर झाल्यावर, दोरी छातीवरून पलीकडे पडेल अशी फेकायची.

पकडणाऱ्याने पिशवी नाही, दोरी धरायची. हाताला कधीही गुंडाळायची नाही. पाठीवर व्हायचं, दोरी छातीशी दोन्ही हातांत, आणि ती वाचवणाऱ्यापासून लांबच्या खांद्यावरून घ्यायची. मग अंग आपोआप तिरकं होतं आणि पाणीच काठाकडे ढकलतं. जवळच्या खांद्यावरून घेतली तर पाणी बाहेर ढकलतं. काठावरच्याने झटका बसायच्या आत खाली बसायचं आणि थोडी दोरी सोडत, जमलं तर दोन पावलं खाली चालत ताण झेलायचा.

पहिली फेक हुकली तर दोरी पुन्हा भरत बसू नका. पटापट ओढून सैल वेटोळी हातात घ्या, पिशवीत थोडं पाणी भरा म्हणजे वजन येतं, आणि फेका. जिथे दोरी तिथे सुरी, जॅकेटवर, एका हाताने निघेल अशी.

पाचवा_मैल

खुणा गटात आधी पक्क्या करा. पॅडल उभं वर म्हणजे या. आडवं म्हणजे थांबा. बोट किंवा पॅडल नेहमी सुरक्षित वाटेकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही, कारण पाण्याच्या आवाजात समोरचा तेवढीच दिशा घेतो. डोक्यावर हात थोपटला म्हणजे 'मी ठीक'. शिट्टी एकदा म्हणजे लक्ष द्या, तीनदा म्हणजे संकट. शिट्टी आत मणी नसलेली घ्या.

ओलीचिंब

कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे, हवेच्या नाही. उन्हाळी दुपार आणि बर्फ वितळून आलेली नदी ही जोडी फसवी. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, आपोआप मोठा श्वास ओढला जातो. तेव्हा तोंड वर ठेवणं एवढंच काम. त्यानंतर अगदी गार पाण्यात साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात, मग बोटं दोरीही धरत नाहीत. शरीर थंड पडून शुद्ध जायला तासभर लागतो, पण जॅकेट नसेल तर माणूस तोवर टिकतच नाही. सुती कपडे नकोत. वेटसूट किंवा ड्रायसूट, आत लोकर किंवा कृत्रिम धागा.

लाईफ जॅकेट फोमचं, फुगवायचं नाही. तरंगवायची ताकद किमान ५० न्यूटन, खळाळत्या पाण्यात ७० किंवा जास्त, कारण फेसात हवा मिसळलेली असते आणि त्यात माणूस कमी तरंगतो. घातल्यावर दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर सैल आहे.

नवशिका_२

सामान ट्यूबच्या आत ठेवायच्या झिपबद्दल कुणी सांगेल का? हवा हळूहळू जाते अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचली.

पाचवा_मैल

झिप शेवटच्या खाचेत पूर्ण बसली नसते, दहातले नऊ वेळा एवढंच. शेवटचा अर्धा सेंटिमीटर जोर लावून ओढायचा, ओढणी खाचेत रुतल्याचं हाताला कळतं. त्याआधी दात ओल्या फडक्याने पुसायचे, वाळूचा एक कण पुरतो. शेवटच्या खाचेला सिलिकॉन ग्रीसचा बारीक थेंब. बंद झिप वाकवायची नाही.

आतल्या पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या आणि आतल्या कड्यांना अडकवलेल्या हव्यात, नाहीतर एडीत वळताना त्या सरकतात आणि होडी एका अंगाला कलते. दिवसभरात लागणारं काहीही आत नको. काढायचं म्हणजे पूर्ण हवा सोडायची. आणि आग पेटवायचं साहित्य, सुरी, शिट्टी, ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकन हे अंगावर, जॅकेटच्या खिशात. होडी वाहून गेली तरी हे तुमच्याजवळ राहतं.

झिप ठीक असेल तर व्हॉल्व्ह बघा, तिथेही वाळूच असते. तरीही हवा जात असेल तर साबणाचं पाणी फासा, बुडबुडे दिसतील. टाचणीएवढ्या छिद्राला युरेथेन गोंदाचा थेंब, तो सुकायला रात्र द्या. फाटलं असेल तर जागा कोरडी करून अल्कोहोलने पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा उचकटतो) आणि फाटेच्या चारही बाजूंना किमान दोन बोटं जास्त घ्या. लांब फाट असेल तर आधी दातांच्या फ्लॉसने टाके घालून मग पट्टी. गारठ्यात पट्टी चिकटत नाही, ती आधी काखेत धरून गरम करा. पीव्हीसीच्या होडीसाठीचं ठिगळ आणि गोंद टीपीयूच्या (दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा थर दिलेल्या) कापडावर टिकत नाही, विकत घेताना हे विचारून घ्या.

वल्हेकरी

मुक्कामाच्या दोन गोष्टी राहिल्या. पाण्याच्या कडेला एक दगड किंवा काडी रोवून ठेवा आणि तासाभराने बघा. ती बुडाली असेल, पाणी गढूळ होत असेल किंवा पालापाचोळा वाहून येत असेल तर वर कुठेतरी पाऊस झालाय किंवा धरणातून पाणी सोडलंय. तंबू उंचावर हलवा, आणि सकाळी तीच नदी कालची समजू नका.

आणि रिकामी होडी काठावर नुसती ठेवू नका. वाऱ्याची एक झुळूक तिला उचलून पात्रापार नेते. उलथी घालून झाडाला बांधा किंवा आत दगड ठेवा. गुळगुळीत दगड.